साडेअकरा पौंडांचा महिना

४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाच्या शिक्षण खात्यात एका करारावर सही झाली. सही करणारे भीमराव आंबेडकर बावीस वर्षांचे होते, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून नुकतेच बी. ए. झालेले. चारच महिन्यांपूर्वी त्यांचे वडील सुभेदार रामजी वारले होते. महाराजा सयाजीराव गायकवाडांचे सरकार त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देणार होते. त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर त्यांनी दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, असे ठरले. शिष्यवृत्तीची मुदत १५ जून १९१३ ते १४ जून १९१६.

त्या वेळी पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे महिन्याचे एकशे बहात्तर रुपये. मुंबईत ही रक्कम मोठी वाटली असती. न्यूयॉर्कमध्ये त्यातून राहायचे, जेवायचे, वह्या-पुस्तके घ्यायची आणि उरेल ते परळच्या चाळीत पत्नी रमाबाईंना पाठवायचे होते. आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाबद्दल बोलताना आपण बहुधा पदव्यांची यादी वाचतो. त्या यादीमागे एक जमाखर्च आहे. कोणती पदवी केव्हा मिळाली, कोणता अभ्यास मध्येच थांबला, कोणता प्रबंध वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिला, याची बरीचशी उत्तरे त्या जमाखर्चात सापडतात.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. सुरुवातीचे काही दिवस विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात काढले, पण तिथले अर्धेकच्चे, गोमांसाचे जेवण घशाखाली उतरेना. मग काही हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये मुक्काम हलला. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये खोलीत सोबतीला नवल भथेना हे पारशी गृहस्थ होते. हा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला, आणि काही वर्षांनी तोच त्यांच्या शिक्षणाच्या कामी आला.

साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसलेला आणि वरून कोणी ओतेल तेव्हाच पाणी प्यायलेला मुलगा इथे सगळ्यांच्या टेबलावर जेवत होता, सगळ्यांच्या नळाचे पाणी पीत होता आणि वाटेल त्या पुस्तकाला हात लावत होता. अमेरिकेत वर्णभेद नव्हता असे मुळीच नाही; कोलंबियापासून हार्लेम हाकेच्या अंतरावर आहे. पण या विद्यापीठाच्या आवारात त्यांची जात विचारणारे कोणी नव्हते. पोचल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यांना पत्र लिहिले. मुलांचे नशीब आईबाप घडवू शकतात, आणि मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल, असा त्या पत्राचा आशय होता. नव्या शहराची नवलाई सांगायची सोडून बावीस वर्षांचा विद्यार्थी घरच्या माणसांना मुलींच्या शाळेबद्दल लिहितो, यावरून त्याचे मन कुठे होते ते कळते.

मग त्यांनी अभ्यासाला जी सुरुवात केली, तिचा आवाका विद्यापीठाच्या नोंदींतच दिसतो. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन या भाषांचा प्राथमिक अभ्यासक्रम एकेक. पदवीला इतके लागत नव्हते. पण मुदत ठरलेली होती, परत यायची संधी मिळेल याची खात्री नव्हती आणि शिकवणारी माणसे त्या काळातली अव्वल दर्जाची होती. सार्वजनिक अर्थव्यवहारावर एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानात जॉन ड्युई, इतिहासात जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन, समाजशास्त्रात फ्रँकलिन गिडिंग्ज. जो वर्ग उघडा दिसेल त्यात जाऊन बसायचे, असाच जणू त्यांचा क्रम होता.

विद्यापीठाबाहेरचा वेळ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. चरित्रकार धनंजय कीर यांच्या म्हणण्याप्रमाणे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. एका वेळच्या जेवणावर भागवून हे पैसे उभे राहत. लाला लजपतराय त्या काळात न्यूयॉर्कमध्ये होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना राजकीय कामात ओढण्याचा प्रयत्न करत. आंबेडकर त्यात पडले नाहीत. ज्या कामासाठी महाराजांचा पैसा घेतला आहे ते काम आधी, ही त्यांची भूमिका होती. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याला असा हिशेब करावाच लागतो. घरच्या पैशावर आलेला मुलगा एखादे वर्ष इकडेतिकडे घालवू शकतो. मुदतीवर आलेल्याला तशी सवलत नसते.

१९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार या विषयावरचा त्यांचा प्रबंध त्याच वर्षीच्या मे महिन्यातला. पण कोलंबियातल्या त्यांच्या कामात सर्वांत दूरवर पोचला तो त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१६ रोजी वाचलेला निबंध. मानववंशशास्त्राचे अभ्यासक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींची घडण, उगम आणि वाढ यांवर तो मांडला.

या निबंधाशी थोडे थांबायला हवे. जातीचे लक्षण काय, तर सोवळेओवळे, धंदा, रोटीव्यवहार अशी उत्तरे तोवरच्या गोऱ्या आणि हिंदी अभ्यासकांनी दिली होती. पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी ती एकेक करून तपासली आणि बोट ठेवले ते लग्नावर. भारतीय समाज मुळात सगोत्र विवाह टाळणारा. त्यावर जातीतल्या जातीतच लग्न करण्याचे बंधन लादले गेले आणि त्यातून जात तयार झाली. आता एखाद्या गटाने स्वतःला असे बंद करून घेतले, की स्त्री-पुरुषांची संख्या समान राखणे भाग पडते. नवरा मेला की बाई जास्तीची ठरते. तिचे काय करायचे? तिला चितेवर चढवायचे किंवा जन्मभर विधवा ठेवायचे. बायको मेलेला पुरुष जास्तीचा ठरला, तर त्याला संन्यासी करायचे किंवा अजून वयात न आलेली मुलगी बायको म्हणून द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढींचे कूळ त्यांनी असे एकाच गरजेत शोधले. पुढे वरच्या गटाचे अनुकरण करत खालचे गटही स्वतःला बंद करत गेले, असे त्यांनी दाखवले.

निबंधात त्यांनी स्वतःच्या वाट्याला आलेले प्रसंग आणले नाहीत. मसूरच्या स्टेशनवर बैलगाडीवाल्यांनी गाडीत घेण्यास दिलेला नकार नाही, साताऱ्याचा न्हावी नाही. सगळा युक्तिवाद पुराव्याच्या आणि तर्काच्या भाषेत केलेला आहे. जे सोसले त्यापासून हातभर दूर उभे राहून त्याचा सांगाडा पाहण्याची संधी त्यांना मिळाली होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. वीस वर्षांनी त्यांनी ‘जातिनिर्मूलन’ लिहिले तेव्हा त्यात ड्युईंच्या विचारांचा आधार घेतला.

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपलेली होती आणि बडोद्याच्या दिवाणांनी त्यांना परत बोलावले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ते १९१७च्या उन्हाळ्यात निघाले. पहिले महायुद्ध चालू होते. पुस्तके आणि सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते; ती बोट टॉर्पेडोने बुडाली. भरपाईचे सहाशे रुपये मिळाले. बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा खर्चही त्याच पैशांतून निघाला.

बडोद्यात त्यांना कुणी खोली देईना. एका पारशी खानावळीत नाव बदलून राहिले, तर काही दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद टाकत. हे प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात सांगितले आहेत. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे ते त्यात म्हणतात. म्हणून बडोद्याच्या स्टेशनावर उतरताना ‘आता जायचे कुठे’ हा प्रश्न एकदम समोर आला. परदेशात शिकून परतलेल्या माणसाला घर परके वाटते, हे आपण पुष्कळदा ऐकतो. इथे घरानेच माणसाला दारात उभे केले नाही. जिथे दहा वर्षे नोकरी करायची होती, ते शहर थोड्याच दिवसांत सोडावे लागले.

अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायचे, तर आता कोणते संस्थान पाठीशी नव्हते. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवू लागले. पगार साडेचारशे. त्यातला मोठा हिस्सा बाजूला टाकत त्यांनी काटकसरीने पैसा साठवला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले. लिव्हिंग्स्टन हॉलमधले सोबती नवल भथेना यांनी पाच हजार उसने दिले. एवढ्या पुंजीवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

लंडनमधला त्यांचा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाई. सकाळी दार उघडताच आत जायचे आणि संध्याकाळी बंद होताना पहारेकऱ्यांनी उठवले की निघायचे. इंडिया ऑफिसच्या आणि लंडन विद्यापीठाच्या ग्रंथालयांतही ते वाचत. दुपारचे जेवण बहुधा टळे, कारण ते पैसे वाचवायचेच असत. घरमालकिणीकडचा नाश्ता म्हणजे पावाचा तुकडा, जॅम, माशाचा एक तुकडा आणि चहा. रात्री दहाच्या सुमारास पोटात कावळे ओरडू लागले की एका स्नेह्याने दिलेले पापड भाजायचे, त्यासोबत एक कप बोव्हरिल प्यायचे आणि पुन्हा पहाटेपर्यंत वाचत बसायचे. सोबत राहणारे अस्नोडेकर मध्यरात्री जागे होऊन झोपायचा आग्रह करत. जेवायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही, असे त्यांना उत्तर मिळे.

ते ज्या विषयावर प्रबंध लिहीत होते, तो विषयही त्यांच्या खिशाला भिडलेला होता. १९२०च्या आरंभी एका रुपयाला लंडनमध्ये दोन शिलिंगांहून अधिक मिळत; १९२१ मध्ये भाव सव्वा शिलिंगापर्यंत घसरला. भारतातून पैसे मागवणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला याची झळ लागलीच असणार. रुपयाची ही दोलायमान अवस्था कशामुळे, ती कोणाच्या सोयीची आणि गरिबाच्या घरातल्या भाववाढीशी तिचा संबंध काय, हे ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधाचे प्रश्न होते. एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली तो लिहून झाला. त्याआधी १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली होती. मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठात नाव नोंदवून तिथेही त्यांनी काही काळ काढला. परीक्षकांनी प्रबंधात फेरफार सुचवले, पण लंडनमध्ये राहून ते करण्याइतके पैसे उरले नव्हते. १९२३च्या वसंतात ते मुंबईला परतले, इथूनच सुधारलेली प्रत पाठवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डी. एस्सी. मिळाली.

कोलंबियाची पीएच. डी. तर आणखी लांबली. तिचा प्रबंध लिहून झाला होता, मान्यही झाला होता. पण त्या काळी तिथल्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याशिवाय पदवी मिळत नसे, आणि छपाईला पैसे लागत. १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग प्रकाशनाने तो ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवहाराच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ म्हणून काढला. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. अर्पणपत्रिका सयाजीरावांच्या नावे होती. १९२७च्या जूनमध्ये पदवी पदरात पडली. न्यूयॉर्क सोडून अकरा वर्षे झाली होती.

इतक्या ओढाताणीत विद्यापीठाने त्यांना काय दिले, हे त्यांच्या वागण्याबोलण्यात दिसत राहिले. ड्युई वर्गात कसे बोलत, कसे थांबत, याची नक्कल ते तीस वर्षांनंतरही घरी हौसेने करून दाखवत, अशी आठवण त्यांच्या दुसऱ्या पत्नी माईसाहेब सांगत. जून १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ते विमानाने न्यूयॉर्कला जात असतानाच ड्युई वारले. त्यांची भेट हुकल्याचे दुःख आणि आपले सारे बौद्धिक जीवन त्यांच्या ऋणात आहे ही भावना त्यांनी माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आहे.

शिक्षणाचे ऋण त्यांनी एका वेगळ्या मार्गाने फेडले. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या मागण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मागितले होते: दोन लाख देशातल्या संस्थांत विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी, एक लाख परदेशी जाणाऱ्यांसाठी. हे विषय गरिबाला परवडत नाहीत, म्हणून सरकारने खर्च उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९४४-४५ पासून अनुसूचित जातींच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली, काही विद्यार्थी इंग्लंडलाही गेले. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आली. महाराष्ट्राची परदेशी शिष्यवृत्ती तर राजर्षी शाहूंच्याच नावाने चालते आणि दरवर्षी अनुसूचित जातींच्या पंच्याहत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. भूमिहीन मजुरांची, सफाई कामगारांची मुले आज या आधारावर लंडन, एडिंबरा, मेलबर्नला पोचतात.

तिथे पोचल्यावर जमाखर्च पुन्हा समोर उभा राहतो. राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या २०२४-२५च्या नियमावलीप्रमाणे ब्रिटनमध्ये शिकणाऱ्याला फी वेगळी आणि निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पौंड मिळतो, म्हणजे महिन्याला ८२५. २०२५च्या आरंभी ब्रिटिश सरकारने व्हिसासाठी राहण्याचा खर्च लंडनमध्ये महिन्याला १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड धरला होता. खोली भाड्याने घ्यायची तर घरमालक ब्रिटनमधला जामीनदार मागतात. बीडच्या किंवा यवतमाळच्या मुलाला लंडनमध्ये जामीन कोण राहणार? मग एका खोलीत दोघे, दुकानात किंवा हॉटेलात आठवड्याला नियमात बसतील तेवढे तास काम, आणि रात्री वाचन.

आणखी दोन गोष्टी काळजीच्या आहेत. २०२२च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातल्या समाजाचा अभ्यास हे विषय राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून वगळले. त्या नियमाने पाहिले तर जातींच्या उगमावर संशोधन करायला निघालेल्या विद्यार्थ्याला पैसे मिळणार नाहीत. दुसरी गोष्ट वेळेची. जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना निवडपत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील, असे कळवण्यात आले. तोवर परदेशी विद्यापीठांचे सत्र सुरू व्हायला थोडेच महिने उरले होते. व्हिसा, विमानाचे तिकीट, खोलीची अनामत, सगळे त्या एका पत्रावर अडलेले असते.

बडोद्याच्या करारात साडेअकरा पौंड ठरले होते, आणि ते कधीपासून कधीपर्यंत मिळतील हेही तारखेनिशी लिहिलेले होते. आजच्या विद्यार्थ्याच्या हातात निवडपत्र मे महिन्यात पडावे, भत्ता त्या शहरातल्या भाड्याच्या हिशेबाने ठरावा आणि तो सत्राच्या पहिल्या दिवशी खात्यात जमा व्हावा. विषय कोणता घ्यायचा, हे त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी ठरवावे. महाराष्ट्राच्या पंच्याहत्तर आणि राष्ट्रीय सव्वाशे जागांच्या योजनांना हे करून दाखवणे अवघड नाही.